रिकाम्या खोलीतला लाइट

रिकाम्या खोलीतला लाइट बंद करणाऱ्या माणसाचं सगळे कौतुक करतात. मी करत नाही. माझे सासरे तसे आहेत, आणि त्यांच्या त्या सवयीनं माझी अख्खी एक खेप मातीत घातली.

वरवट बकालजवळच्या आमच्या घरात मागच्या अंगाला एक खोली आहे. शेजाऱ्यानं भिंत उचलली तेव्हापासून तिची खिडकी बुजली. तिथं मी सोयाबीनच्या मळणीत उरलेल्या कुटारावर धिंगरी लावली, म्हणजे मशरूम, ज्याला आमच्याकडे टेकोडे म्हणतात त्यातलीच खायची जात. सासऱ्यांनी आधीच बजावलं होतं, "दोन खेपा पाहू. नाही जमलं तं खोली खाली कर, मले पोते ठेवा लागतात." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण त्या घरात माझं म्हणावं असं एक कपाटसुद्धा नाही. ती खोली मला हवीच होती.

टेकोडे अंधारात येतात असं जो तो सांगतो. ते अर्धंच खरं आहे. कुटार भरलेल्या पिशव्यांत पांढरी बुरशी पसरेपर्यंत अंधार चालतो. पण एकदा कोंब फुटले की दिवसभर उजेड लागतो, निदान पेपर वाचता येईल एवढा. नाहीतर दांडे लांबत जातात आणि वरची छत्री धरतच नाही. म्हणून मी ट्यूबलाइट लावली. बटण मात्र दाराबाहेर, सासऱ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. मी शेतातून येईपर्यंत खोलीत अंधार. सांगून पाहिलं, विनवून पाहिलं, शेवटी बटणावर चिकटपट्टी लावली. त्यांनी ती काढून बाजूला भिंतीला लावून ठेवली, नीट, वाया जाऊ नये म्हणून.

"खोलीत कोनी नाही अन् लाइट कायले जळून राह्यला?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिली खेप आली ती लांबलचक दांडे आणि वर गुंडीएवढ्या टोप्या. बाजारात कोणी हात लावला नाही. सासरे म्हणाले, "म्या सांगतलंच होतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, जाऊ दे, म्हातारे झाले ते. अठरा वर्षं हेच ऐकतेय. म्हातारे तर ते आत्ता झाले.

दुसऱ्या खेपेला मी हट्टाला पेटले. कोंब दिसले त्या दिवसापासून शेतात गेलेच नाही, खोलीतच बसले. आत माणूस असलं की लाइट बंद करायला कारण उरत नाही, असं माझं गणित. तूर निवडली, गोधडी शिवली, त्या ओल्या कुटाराच्या वासातच जेवले. दोन दिवस निभावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दारासमोरच बसून गोधडीला टाके घालत होते. सासरे आले. उघड्या दारातून आत पाहिलं. डोळे त्यांचे चांगले आहेत, पेपर चष्म्याशिवाय वाचतात. माझ्याकडेच पाहिलं, आणि बटण दाबलं.

"मामाजी, मी आहे ना आत."

"तू होय व," ते म्हणाले. "मले वाटलं, कोनी नाही."

आणि गेले. मी अंधारात सुई हातात धरून बसले. रडू आलं नाही, इतका राग आला होता. त्या दिवशी चूल पेटवली नाही. नवऱ्याला म्हटलं, आधी वायरमन आण, मग भाकरीचं बोल. दिवस मावळायच्या आत बटण खोलीत आलं, दाराला आतून कडी बसली.

ती खेप तळहाताएवढ्या छत्र्यांची आली आणि बाजारात दुपारपर्यंत संपली. पोती ओसरीवर पडलीत, खोली माझी आहे. आता सासऱ्यांना चहा हवा असला की ते त्या दाराशी येतात, दार वाजवतात आणि विचारतात, "आत कोनी आहे का व?"

मी ऐकते. उत्तर देत नाही.