काळीवरचं घर

मावसभावाच्या नव्या बंगल्याची भिंत पायापासून खिडकीपर्यंत तडकली आहे. "कंत्राटदारानं फसवलं गं ताई," तो पुट्टी भरता भरता म्हणाला. संताप मलाही आला, पण कंत्राटदाराचा नाही.

"अरे, नदीकाठच्या काळीवर मुरूम ओतून घर बांधलंस. ती उन्हाळ्यात भेगाळणार आणि पावसात फुगणारच!"

पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. या काठावर पहिल्यांदा पेरणी करणाऱ्यांना अक्षर येत नव्हतं. पण नदीनं आणलेल्या गाळात दाणा टाकायचा आणि आपण उंचवट्यावर राहायचं, एवढं त्यांना कळत होतं. तेवढ्या शहाणपणावर गावं वसली, मग बाजार भरले, देवळं आणि राज्यं उभी राहिली. आणि आम्ही शिकलेसवरलेले लोक 'रिव्हर व्ह्यू' म्हणून तीच काळी विकत घेतो आणि तिच्या उरावर फरशी घालतो!

पायरीजवळच्या फटीतून एक हिरवंगार रोप वर आलं होतं.

"कितीही उपट, हे गवत येतंच बघ," म्हणत त्यानं ते मुळासकट ओढून कुंपणापलीकडे भिरकावलं.

ती ज्वारी होती.