सांबारवडीची कोथिंबीर वडी

जो माणूस स्वतःच्या नावापुढे 'एक्सपर्ट' लावतो, तो माझ्या नजरेतून तिथंच थोडा उतरतो. आमच्या शेलूबाजारात मोटार दुरुस्त करणारा असा आहे की पंचक्रोशीतून लोक त्याच्याकडे येतात. त्यानं कुठं पाटी लावलेली नाही. मी ब्लाउज शिवते. मोबाईलशी माझं काही वैर नाही. नवा गळा जमला की फोटो स्टेटसला टाकते आणि बाया दुकानात येऊन तोच गळा मागतात. विकणं वेगळं आणि विकण्याची बोंब मारणं वेगळं, हे मला चांगलं कळतं, आणि ते सांगायला मी कोणाला भीत नाही.

माझी धाकटी बहीण मानोऱ्याकडे दिलेली. दरवर्षी दसरा झाला की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. तोडीला टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. कोयता गेला की मागोमाग लेकरंही जायची, आणि शाळा इथंच राहायची. थोरली पोरगी सातवीत गेली तेव्हा बहीण म्हणाली, "ताई, औंदा मी नाही जात. पण अठी राहून खाऊ काय?" मग आम्ही दोघींनी मिळून शेलूबाजारच्या जीपस्टँडजवळ सांबारवडीचा गाडा टाकला. दसऱ्याला मुकादम येईपर्यंत गाडा चालला तर ती राहणार, नाही चालला तर पुन्हा उसाच्या पाचटात. एवढं साधं होतं ते.

सांबार म्हणजे इडलीसोबतचा नव्हे. आम्ही वऱ्हाडातले लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो. तिचं खसखस, खोबरं घालून केलेलं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं आणि वर कढी ओतायची. बहिणीच्या हाताला चव आहे. गाडा बरा चालला होता. मानोऱ्याच्या, कारंजाच्या जीपा थांबल्या की ड्रायव्हरच ओरडायचे, "चला, सांबारवडी खाऊन घ्या!" पण 'बरा' या शब्दावर तिचं समाधान होत नव्हतं. दसरा जवळ येत होता आणि तिला भीती वाटत होती.

त्यात कारंजाला एका मंगल कार्यालयात बचत गटाच्या बायांसाठी मोफत शिबिर झालं. सोशल मीडियावर धंदा कसा वाढवायचा, त्याचं. बहीण मला ओढून घेऊन गेली. स्टेजवरचा गडी आपल्याच जिल्ह्यातला, पुण्याहून कसला कोर्स करून आलेला, अंगात कोट, पडद्यावर नावापुढे 'एक्सपर्ट'. रीच, एंगेजमेंट, ऑडियन्स असं बराच वेळ चाललं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हणाला, तेव्हा मी उठले.

"भौ, तुमी आतापर्यंत कोणाचं काय विकून देल्लं?"

त्यानं पडद्यावर आकडे दाखवले. इतके लाख व्ह्यू.

"ते पाह्यलं किती जणानं ते झालं. घेतलं किती जणानं?"

तो हसून म्हणाला, "ताई, आधी ब्रँड तयार होतो, मग सेल." बाया टाळ्या वाजवून मोकळ्या झाल्या. माझ्या बहिणीनंही वाजवल्या. मला तिचा राग आला नाही, कीव आली. बुडत्या माणसाला काडी दिसली की तो ती धरतोच.

तो गडी लबाड नव्हता, हेही मी सांगून ठेवते. त्याचा स्वतःवर पक्का विश्वास होता, आणि तेच अवघड होतं. बहिणीनं बोलावलं तसा तो गाड्यावर आला, वडी खाल्ली, वा वा केलं आणि म्हणाला, "सांबारवडी हे नाव चालणार नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला इडली आठवते." मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त पुण्या-मुंबईचा माणूस शेलूबाजारच्या जीपस्टँडवर वडी खायला कायले येईल, हे त्याला विचारायचं सुचलं नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "विचार मोठा ठेवा."

दोन-चार दिवसांत गाड्यावर चकचकीत फलक चढला, 'कोथिंबीर वडी'. बहिणीच्या अंगावर काळा एप्रन आला, डोक्यावर टोपी. तिला सांगितलं, व्हिडिओत शुद्ध बोलायचं. रोज "खा ना वं, गरम हाय" म्हणणारी बाई "नमस्कार मित्रांनो" म्हणू लागली. व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला. पुण्याहून मेसेज आले, घरपोच मिळेल का. एकानं लिहिलं, ही कसली कोथिंबीर वडी, ती तर उकडून कापतात. इकडे गाड्यासमोर जीपा थांबायच्या, लोक फलक वाचायचे आणि समोरच्या भज्यांकडे वळायचे. ताटातल्या वड्या गार पडायच्या. बहिणीनं फोन केला तर साहेब म्हणाले, अल्गोरिदम बदललाय. नाचता येईना, अंगण वाकडं.

एके दिवशी मी तिला डबा द्यायला गेले होते. एक म्हातारी जीपमधून उतरली. मानोऱ्याकडची, दर बाजाराला येणारी. गाड्यापुढं उभी राहून तिनं माझ्या बहिणीलाच विचारलं, "काय वं बाई, अठी ते सांबारवडीवाली बसे, ते कुठी गेली?"

बहीण हातातल्या झाऱ्यासकट पुढं वाकली.

"मीच हावो, आजी."

"तू कायची! ड्रायव्हर म्हणे, त्या बाईनं गाडा कोण्या पुण्यावाल्याले देल्ला अन् ते ऊस तोडाले गेली. कोथिंबीर लिवलं हाय म्हणे वर. आपल्याइकडचा कोण कोथिंबीर म्हणते?"

बहिणीनं टोपी काढली. म्हातारीनं तिचं तोंड निरखलं, "अवं माय!" म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. बहीण रडायला लागली. मग डोळे पुसून माझ्यावरच ओरडली, "पाहून काय राह्यली? वरचं उतरव ना!" फलक आम्ही दोघींनी मिळून उतरवला. मी मदत केली म्हणण्यापेक्षा उपटला म्हटलं तरी चालेल, कारण मला फार दिवसांपासून ते करायचं होतं.

मग मी माझ्या अकलेनं केलं ते एवढंच. सगळ्या जीप ड्रायव्हरांचे नंबर घेतले आणि एक ग्रुप काढला. कढईतून पहिला घाणा निघाला की फोटो आणि खाली दोन शब्द: सांबारवडी झाली. ते वाचून ड्रायव्हर जीपमध्येच सांगायचे आणि माणसं उतरण्याआधीच वड्या ठरलेल्या असायच्या. एक्सपर्टांचा एकदा मेसेज आला, व्हिडिओ का थांबवले म्हणून. बहिणीनं लिहिलं, "टाइम नाही, गिऱ्हाईक हाय."

दसऱ्याच्या आधी मुकादम आला. बाकावर बसला, वडी संपवली, कढी प्याला, बोटं चाटली आणि माझ्या मेहुण्याकडे पाहून विचारलं, "मंग? औंदा कोयता धरू ना?"

मेहुण्यानं बायकोकडे पाहिलं. जीप थांबत होती, माणसं उतरत होती. बहीण कढईवरची नजर न काढता म्हणाली, "अर्धा धरा, मुकादम. अर्धा अठी कामात हाय."