मास्तरीण नावाचं खेचर

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी फौजेत नाईक होतो, शिपायाच्या वरच्या हुद्द्यावर. पासष्टची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती. नवी जागा होती ॲनिमल ट्रान्सपोर्ट कंपनी, म्हणजे खेचरांची पलटण. ठिकाण पूर्वेकडच्या डोंगरात, बारा हजार फुटांवर. जिथे गाडी जात नाही तिथल्या पोस्टवर रेशन, रॉकेल आणि दारूगोळा खेचरांच्या पाठीवरून पोचवायचा, हे आमचं काम.

मी कागलचा. घरी बैल होते. कारखान्यावर ऊस टाकून परतताना वडील गाडीत झोपायचे आणि बैल गाडी बरोबर दारात आणून उभी करायचे. त्यामुळे बैलापेक्षा शहाणं जनावर नाही, अशी माझी पक्की समजूत होती. खेचर म्हणजे हट्टी आणि मठ्ठ, असं मी पहिल्याच दिवशी बोलून गेलो.

"नाईकसाब, आठ दिस थांबा की. मग बोला," मागून कोणीतरी म्हणालं.

बोली कोल्हापूरची. वळून पाहिलं तर शिपाई दस्तगीर नदाफ. गाव गारगोटी. वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. घरी एक म्हैस, चार शेळ्या. हा त्या कंपनीत दोन वर्षं होता. त्याच्या ताब्यातल्या खेचराच्या खुरावर नंबर होता, पण त्यानं तिचं नाव ठेवलं होतं मास्तरीण. कारण विचारलं तर म्हणाला, "चुकलं की थांबती. बरोबर केल्याबिगर फुडं जात न्हाय."

कंपनीचा दिवस ठरलेला. पाचला उठायचं. जनावरांना आधी पाणी, मग दाणा, मग मालिश. खोगीर घट्ट आहे का ते मी स्वतः हात घालून पाहायचो. सहाला लोडिंग, साडेसहाला कॉलम, म्हणजे खेचरांची रांग, निघायचा. दुपारी तीनच्या आत परत.

संध्याकाळी चहाच्या वेळी वाद व्हायचा. हवालदार गढवालचे. त्यांचं मत कुत्र्याला. गावच्या कुत्र्यानं एकट्यानं मेंढरं घरी आणल्याच्या गोष्टी ते सांगायचे. मी बैलाची बाजू घ्यायचो. दस्तगीर म्हणायचा, घरच्या जनावरांत शेळी पहिली. त्यांच्या एका शेळीनं खोपटाची कडी तोंडानं काढायला शिकून घेतलं होतं. कडी बदलली, तर तिनं चार दिवसांत तीही काढली. म्हशीचं डोकं निराळं. ती आईशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. एकदा आई आजारी पडली, तेव्हा दस्तगीर तिचं लुगडं अंगावर घेऊन बसला. म्हशीनं वास घेतला आणि लाथ मारली.

"और खच्चर?" हवालदारांनी विचारलं.

"साब, कुत्ता बात मानता है. घोडाबी मानता है, दौडाओ तो खाई में भी जाएगा. खच्चर पहले सोचता है."

"फौज में सोचने का काम अफसर का है," हवालदार म्हणाले. सगळे हसले. दस्तगीरही हसला.

मी त्याला मुद्दाम डिवचायचो. तो खेचराशी मराठीत बोलायचा, त्याची नक्कल करायचो. इतर जवानांसमोर करायचो. त्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. मी नाईक होतो.

एप्रिलमध्ये वरच्या पोस्टवर रॉकेल संपलं. तिथे बर्फ वितळवल्याशिवाय प्यायला पाणी मिळत नसे. बावीस माणसं दीड दिवस जेमतेम पाण्यावर होती. आमच्याकडे रॉकेलचे कॅन पहाटे पोचायचे होते, ते उशिरा आले. कॉलम निघायला साडेआठ वाजले. बारा खेचरं, प्रत्येकाचा लगाम धरणारा एक असे बारा ड्रायव्हर आणि कमांडर म्हणून मी. वायरलेस सेट माझ्याकडे.

वाटेत एक नाला होता. हिवाळाभर त्याच्यावर बर्फाचा जाड थर असायचा आणि आम्ही त्यावरूनच पलीकडे जायचो. पण नेहमी सात-सव्वासातला, बर्फ कडक असताना. त्या दिवशी नाल्यापाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन चढलं होतं. मास्तरीण सगळ्यात पुढे होती. काठावर आली आणि उभी राहिली. कान मागे, मान खाली. दस्तगीरनं लगाम ओढला. नाही. गोंजारलं. नाही. मागची अकरा खेचरं अरुंद वाटेवर खोळंबली.

सेटवर पोस्टचा आवाज आला. "कॉलम, तुम्हारी लोकेशन? ओव्हर."

"नाले पे. दस मिनट में पार करेंगे. ओव्हर."

"जल्दी करो. यहाँ पानी नहीं है. आउट."

मी पुढे गेलो. "काय झालं?"

"बाई न्हाय म्हणतीया, नाईकसाब. वरच्या वाटेनं जाऊया."

वरची वाट म्हणजे तीन तास जास्त.

"हिवाळाभर इथनंच जातोय आपण."

"व्हय. पर सकाळचं."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं. पण मी सेटवर दहा मिनिटं सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "बाई काय म्हणती ते नको सांगू. तुला भ्या वाटतंय का, तेवढं सांग."

मागचे दोघे हसले.

दस्तगीरनं माझ्याकडे पाहिलं. लगाम माझ्या हातात दिला. काठी घेतली आणि बर्फावर उतरला. मी थांब म्हणालो नाही. चार पावलं गेला. काठी टोचली, अजून दोन पावलं गेला, परत टोचली. वळून म्हणाला, "हितं पोकळ हाय, खेचरं आणू न—"

वाक्य पुरं झालं नाही. बर्फ खचला. आवाज फारसा झाला नाही. खाली पाणी जोरात वाहत होतं. आम्ही दोर सोडले, कडेकडेनं खाली धावलो. बारा वाजून चाळीस मिनिटांनी त्याचा मृतदेह अर्धा मैल खाली सापडला.

दोन जवान त्याच्याजवळ ठेवले. उरलेला कॉलम मी वरच्या वाटेनं नेला. पोस्टवर पावणेपाचला पोचलो. एकही कॅन सांडला नव्हता.

चौकशी झाली. मी सांगितलं, बर्फ तपासायला शिपाई स्वतःहून पुढे गेला. हे खरं होतं. माझं वाक्य मी सांगितलं नाही. हसलेल्या दोघांनीही सांगितलं नाही.

जूनमध्ये सुट्टी मिळाली. कागलला दोन दिवस काढले. जेवायला बसलो की उठायचो, बसस्टँडपर्यंत जाऊन परत यायचो. तिसऱ्या दिवशी गारगोटीची एसटी धरली.

त्याचे वडील दारात कापूस पिंजत होते. गणवेश पाहून हात थांबवला. "या पावणं. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. चौकशीत सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. त्यांच्या दाढीवर कापसाचे तंतू होते. ते पुसले नाहीत. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, "त्यो बर्फावर गेला नसता, तर तुमी खेचरं घातली असती?"

"घातली असती."

"माणसंबी?"

"प्रत्येकाबरोबर एक."

त्यांनी मान हलवली. "आता ती बाई कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं, चाचा. मी मागून घेतली."

"मारत न्हाईस न्हवं?"

"न्हाय."

"मग ऐक. बर्फानं त्येला नेलं, एवढंच त्येच्या आईला ठावं हाय. तेवढंच ऱ्हाऊ दे. च्या पिऊन जा."

चहा त्याच्या आईनं आणला. माझा मुलगा तुमच्या हाताखाली होता का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. कामाला कसा होता, विचारलं. चांगला होता म्हणालो. कप संपवला आणि परतीच्या गाडीला तास असतानाही निघालो.

आता चाचा नाहीत, त्याची आईही नाही. मी पेन्शनवर आहे, राजारामपुरीत मुलाकडे राहतो. शेजारी कुणी आपल्या कुत्र्याच्या हुशारीचं कौतुक सांगू लागलं, की मी काहीतरी निमित्त काढून उठतो आणि चौकापर्यंत चालून येतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला एका जागी बसवत नाही. म्हणून हे लिहून ठेवलं.

शिपाई दस्तगीर नदाफ, ड्रायव्हर, वय चोवीस. त्याच्यामागे अकरा ड्रायव्हर होते आणि मी होतो. आम्ही बाराही जण घरी परतलो. मी त्याला चारचौघांत भित्रा ठरवलं होतं. तो भित्रा नव्हता.