टीसीकाकी

आमच्या गावच्या रेल्वे थांब्यावर तिकीट तपासायला कधी कोणी आलं नाही. ते काम सुभद्राकाकी करायच्या. झेंडूची पाटी फलाटावर टेकवायची, खिडकीतून स्वतःचं दौंडचं तिकीट घ्यायचं आणि गाडी येईपर्यंत जमलेल्या प्रत्येकाला विचारत फिरायचं, "तिकीट काढलं का रं?" पोरं त्यांना टीसीकाकी म्हणायची. त्या हसायच्या, पण पुढे केलेला हात मागे घ्यायच्या नाहीत.

काकी आमच्या शेजारच्या. माहेर दौंडचं. "माज्या बापानं नवरा बघून न्हाई, ठेसन बघून पोरगी दिली," असं त्या काकांसमोरच म्हणायच्या. खरंही होतं ते. लेकीला सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत जाता येईल, एवढं बघून म्हाताऱ्यानं सोयरीक पक्की केली होती. बाजारात फुलं विकली की काकी वडिलांना भाकरी करून घालायच्या आणि परतीची गाडी धरायच्या.

मी तेव्हा दौंडला कॉलेजात होतो. एक दिवस तिकीट विकणाऱ्या एजंटानं सांगितलं, इथली तिकिटं फारच कमी खपतात. रेल्वेवाले तीन महिने बघतील, नाही वाढली तर थांबा बंद. चढणारी माणसं पुष्कळ होती, तिकीट काढणारी मोजकी. काकींनी घर न् घर पालथं घातलं. चावडीवर बसलेल्या कारभाऱ्यांनाही सुनावलं, "ठेसन गेलं तर फकस्त माजंच म्हायेर तुटंल व्हय? तुमच्या लेकीबी याच गाडीनं येत्यात न्हवं?"

फलाटावर माझ्यापाशी आल्या, तेव्हा मी खिशातून कॉलेजचं ओळखपत्र काढलं. "पास आहे, काकी." तिकिटाचे पैसे मी मिसळीवर उडवत होतो. काकींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कार्डावरचा फोटो निरखून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा! शिकलेलं पोरगं हाय, पास काढून जातंय." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

थांबा बंद झालाच. पहिल्या दिवशी गाडी न थांबता निघून गेली, तेव्हा काकी पाटी घेऊन उभ्या होत्या. पुढे त्यांना हायवेपर्यंत चालत जाऊन मिळेल त्या गाडीनं दौंड गाठावं लागे. जाणं आठवड्यावर आलं, मग महिन्यावर. वडील गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी हायवेवर लवकर काही मिळालंच नाही. काकी पोचल्या तेव्हा घरची माणसं स्मशानातून परतत होती.

आता तिथला फलाटही उखडलाय. मी रांजणगावला कंपनीत आहे, राहायला शिरूरला. काकी गेल्या वर्षी वारल्या. त्याच्या थोडे दिवस आधी गावी गेलो होतो. त्या खाटेवर टेकून बसल्या होत्या. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. "काकी, माझ्याकडे पास नव्हता. तुम्हाला कॉलेजचं कार्ड दाखवायचो."



"तुज्या येकल्याच्या तिकिटानं काय ठेसन ऱ्हायलं नसतं," त्या म्हणाल्या. मला बरं वाटू लागलं होतं. तेवढ्यात त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"पन मी तुजं नाव घिऊन लोकांस्नी सांगत व्हते रं."