कोरी ओळ

कंपाउंडरांनी चाळीस वर्षं लोकांच्या पुड्या बांधल्या, निवृत्तीनंतर बायकोच्या. तिची नजर जवळजवळ गेलेली. गोळी आणि शर्टाचं बटण यांत तिला फारसा फरक उरला नव्हता. तिच्या अकरा औषधांचा तक्ता त्यांनी कॉम्प्युटरवर साध्या टेक्स्टमध्ये, स्पेसबार ठोकून रकाने जुळवत केला होता. सकाळ, दुपार, रात्र. द्यायची तिथे आकडा, नाही तिथे रिकामी जागा. दवाखान्यातली पद्धत.

आज चार वाजता त्यांना स्वतःच्याच ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. आठ दिवस गोळ्या मेहुणी देणार, मोबाइलवर वाचून. म्हणून त्यांनी साध्या टेक्स्टचं वेबपान करून देणाऱ्या एका साइटवर फाइल टाकून तिचं वेबपान केलं. ब्राउझरने सलग आलेल्या सगळ्या मोकळ्या जागांची एकच जागा केली आणि प्रत्येक आकडा औषधाच्या नावाला जाऊन चिकटला.

"झोपेची गोळी सकाळी दिसतेय, भावोजी," मेहुणी म्हणाली. "ताईला नाश्ता झाल्यावर निजवायचंय का?"

त्या साइटच्या मदतीच्या पानावर उपाय होता : तक्त्याची प्रत्येक ओळ चार स्पेस आत घ्या. घेतली. फरक शून्य. आठ घेतल्या. टॅब मारला. तीन वाजले.

"खाली लिहिलंय," मेहुणी म्हणाली, "तक्त्याआधी एक ओळ कोरी सोडा."

कंपाउंडरांनी जन्मात कोरी ओळ सोडली नव्हती. दवाखान्यात कागद मोजून मिळे. मजकूर मथळ्याला चिकटूनच असायचा. कॉम्प्युटरवर कागद जात नाही हे त्यांना माहीत होतं. पटलेलं नव्हतं.

ओळ सोडली. रकाने ताठ उभे राहिले.

"छान," मेहुणी म्हणाली. "रात्री मात्र काहीच द्यायचं नाही वाटतं."

रुंद तक्ता मोबाइलच्या कडेबाहेर गेला होता. रात्रीचा रकाना बोटाने सरकवल्याशिवाय दिसत नव्हता. एखाद्या रात्री ती सरकवायची विसरली तर?

त्यांनी तक्ता पुसून टाकला. प्रत्येक औषधाखाली सरळ लिहायला घेतलं : सकाळी नाही. दुपारी नाही. रात्री एक. अकरांतली सात औषधं लिहून झाली तेव्हा दारात दवाखान्यात न्यायला गाडी आली. कंपाउंडरांनी उठून एक बूट चढवला.

"अहो, निघा आता," बायको म्हणाली. "उरलेल्या चार गोळ्या मी चवीवरून ओळखीन."

"त्या गिळायच्या असतात," कंपाउंडर म्हणाले, आणि पायातला बूट काढून पुन्हा खुर्चीवर बसले.