सोमीबाईची उन्हाळी

सोमीबाई द्राक्षाच्या मण्याला कधी बोट लावत नसे. देठ चिमटीत धरायची, घड उजेडाकडे फिरवायची आणि कात्रीचं टोक आत घालून नेमका नासका मणी उडवायची. नव्या बायकांना सांगायची, "मण्यावरची पांढरी पावडर पुसली का माल गेला. देठाला धरा गं, लेकराच्या गालावानी नका कुरवाळू." हंगामात ती सुरगाण्याहून नाशिकला यायची. आमच्या पॅकहाउसमध्ये तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नव्हता. मी तिथली सुपरवायझर.

बाथरूमला जाण्यासाठी मी एक लाकडी पट्टी ठेवली होती. एकीनं नेली की ती परत येईपर्यंत दुसरीनं जायचं नाही. नियम माझाच, आणि मला त्याचा अभिमानही होता. गेल्या हंगामात ती पट्टी सारखी सोमीबाईच्या हातात दिसू लागली. "काय सोमीबाई, तिकडंच बिऱ्हाड केलं का?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. बायका हसल्या. तीही हसली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पानी नाय पिलं का जावं नाय लागत, ताई." आणि मी चक्क मान डोलावली.

मग एकदा तिनं मला कोपऱ्यात गाठलं. "ताई, लघवीला जळजळ व्हती, ती थांबली. आता लाल जाते. पर दुखत नाय." तिची पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. पण माझा जीव अडकला होता संध्याकाळच्या कंटेनरमध्ये. "उन्हाळी लागली असेल," मी म्हटलं. "धण्याजिऱ्याचं पाणी पी. दुखत नाही ना? मग झालं." चार दिवसांनी लाल थांबलं आणि मी ते विसरूनही गेले.

हंगाम संपता संपता पुन्हा रक्त आलं, गुठळ्या पडल्या, लघवी अडली. तेव्हा कुठे मी तिला दवाखान्यात नेलं. मूत्राशयात गाठ निघाली, वाईट जातीची.

"लघवीत रक्त एकदाच दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी लगेच दाखवायचं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीस?"

सोमीबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "नाय बाई. असं सांगायची लाज वाटली."

डॉक्टरबाई तिच्यावर चिडल्या, अडाणीपणा म्हणाल्या. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते.

पावसाळ्यात ती वारली. त्या डॉक्टरबाईंकडे जाऊन खरं सांगावं, असं रोज ठरवते. अजून गेलेली नाही.