दोह्याच्या रस्त्यावरचा बर्फ

माझे साडू कॅनडात राहतात. हिवाळा आला की त्यांच्या अंगात फोटोग्राफर संचारतो. रस्त्याकडेची टपालपेटी, कचऱ्याचा डबा, मोडकं बाकडं, सगळे बर्फाच्या टोप्या घालून आमच्या कौटुंबिक ग्रुपवर हजर होतात. खाली इथे कतारमध्ये राहणाऱ्या माझ्यासाठी एक ओळ असतेच: "साडूभाऊ, तुमच्याकडे काय, वाळूच!"

हे मी सोसलंही असतं. पण नाशिकला सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि फोटो कोणत्या जावयाने काढायचे यावरून आमची जुंपली. मी छाती काढून पैज लावली: बर्फातल्या रस्त्याचा फोटो दोह्यातून पाठवीन, जमलं तर समारंभात कॅमेरा माझा. पंच खुद्द सासूबाई.

वस्तूंना तोटा नव्हता. वर्ल्ड कपसाठी सगळं शहर खणून ठेवलं होतं. जिकडेतिकडे रस्ता अडवणारे प्लास्टिकचे नारिंगी कोन आणि रोज नव्या दिशेला वळणारे बाण. फक्त बर्फ नव्हता. तो मी अल सद्दच्या मासळीवाल्याकडून पिशवी भरून आणला, एका कोनाला मनसोक्त न्हाऊ घातलं आणि फोटो धाडला.

"कोपऱ्यात सुरमईची शेपटी दिसतेय," साडूंचं उत्तर आलं. "आता नियम ऐका. आकाशातून पडलेला बर्फ पाहिजे!"

हिवाळा सरत आला. मी हरल्यात जमा होतो. आणि एका शुक्रवारी आम्ही दोघं नवरा-बायको मुऐदरहून परतत असताना आभाळ काळवंडलं आणि गाडीच्या टपावर कुणी पोतंभर हरभरे ओतावेत तसा आवाज सुरू झाला. गारा! बघता बघता रस्त्याची कड पांढरीशुभ्र.

"अहो, डोकं फुटेल!" बायको ओरडली.

"फुटू दे! वितळण्याआधी फोटो काढायला हवा!"

डोक्यावर गाडीतली उशी धरून मी रस्त्याकडेला पालथा पडलो. समोर कोन, त्याच्या बुडाशी गारांचा ढीग, शेजारी कुणाचा तरी चहाचा कागदी पेला काठोकाठ गारांनी भरलेला. मागून एका टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला: "यल्ला, चलो भाईसाब, नमाज़ है या फोटो?"

फोटो ग्रुपवर पडताच साडूंनी फोन लावला. सासूबाईही जोडल्या गेल्या.

"आई, या गारा आहेत. बर्फ नव्हे."

"आकाशातून पडल्या ना?"

"हो, पण दोन्हींना इंग्रजीत वेगवेगळे शब्द आहेत!"

"मग जावईबापू, पैज इंग्रजीत लावायची होतीत. आमच्याकडे गारसुद्धा बर्फाचीच असते."

मी दोह्यात सोफ्यावर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

नाशिकच्या कार्यालयात सासूबाईंना ओवाळताना कॅमेरा माझ्या गळ्यात होता. साडू नव्या सिल्कच्या कुर्त्यात अगदी मधोमध येऊन उभे राहिले.

"साडूभाऊ," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "जरा बाजूला व्हा. आईंवर सावली पडतेय."